दोन फुटी टँक, एक फुटी रेफ्युजियम आणि खालच्या मजल्याचं छत

"एवढ्याशा टँकला रेफ्युजियम कशाला, आठवड्याला बादलीभर पाणी बदल आणि निवांत रहा", रेफ्युजियम, म्हणजे टँकला जोडलेला शेवाळाचा छोटा कप्पा, लावतो म्हटलं की हा सल्ला मला जवळपास प्रत्येक जुन्या मरीनवाल्याने, म्हणजे खाऱ्या पाण्याचं अक्वेरियम ठेवणाऱ्याने, दिलाय, आणि खरं सांगायचं तर सल्ला चुकीचा अजिबात नाहीये. माझा टँक दोन फुटी, दगड-वाळू वजा केली तर पाणी साधारण ७० लिटर, त्यात क्लाउनफिशची जोडी, एक गोबी, एक क्लीनर श्रिंप आणि बाकी सगळी सॉफ्ट कोरल्स म्हणजे झोआ, मशरूम, थोडी झेनिया. एवढ्या पाण्यात नायट्रेट (माशांच्या घाणीतून साठतं ते) वाढलं तर दहा लिटर काढा, दहा लिटर घाला, विषय संपला.

पण मुंबईत दहा लिटर खारं पाणी तयार करणं म्हणजे काय भानगड असते ते एकदा बघा. नळाचं पाणी डायरेक्ट चालत नाही. आपलं बीएमसीचं पाणी तसं चांगलं, टीडीएस (विरघळलेले क्षार) कमी, पण त्यात क्लोरीन असतं, वर बिल्डिंगच्या टाकीतून काय काय उतरतं ते देव जाणे, आणि जुलैत तर सेडिमेंट फिल्टर बघता बघता चॉकलेटी होतो. म्हणजे आरओ-डीआय आलंच, आरओ आणि त्यापुढे उरलेसुरले क्षार काढणारा फिल्टर. घरगुती आरओवर दहा लिटर चांगलं पाणी काढायला वीस-तीस लिटर रिजेक्ट निघतं, ते मी बादल्यांमध्ये भरून लादी पुसायला, बाथरूमला वापरतो, आई कुंड्यांना घालते, वाया जात नाही हे कबूल, पण २०२४ च्या जूनमध्ये शहरात १० टक्के पाणीकपात चालू होती तेव्हा सोसायटीत तासभर पाणी यायचं आणि त्यात मी माशांसाठी नळाला आरओ लावून बसलोय हे चित्र घरात कोणालाच आवडत नव्हतं. मग मीठ. लिटरला ३५-३६ ग्रॅम, म्हणजे दहा लिटरला साडेतीनशे ग्रॅमच्या वर, आणि ते मीठ बाहेरून येणारं, आपलं मिठागरातलं नाही. वर ती बादली पंप लावून रात्रभर फिरत ठेवायची, वन बीएचकेमध्ये कुठे, तर बाथरूमच्या दारात.

तर मला पाणी बदलणं बंद नव्हतं करायचं, कमी करायचं होतं. रेफ्युजियम लावायचं पहिलं कारण एवढंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एका ओळीत, रेफ्युजियम म्हणजे मेन टँकच्याच पाण्यावर चालणारा वेगळा छोटा कप्पा, त्यात मासे नाहीत, लाइट आहे, समुद्री शेवाळ आहे आणि त्या शेवाळात बारीक बारीक जीव माशांच्या तोंडापासून लपून वाढतायत. शेवाळ पाण्यातलं नायट्रेट-फॉस्फेट खातं, वाढतं, आपण ते कापून बाहेर काढतो. शेवाळावर रीफ टँकचं पाणी साफ ठेवायची कल्पना जुनी आहे, अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या वॉल्टर एडींनी १९८० च्या सुमारास तिथल्या म्युझियममध्ये आख्खी कोरल रीफ शेवाळाच्या जोरावर चालवून दाखवली होती. त्यांची पद्धत वेगळी, जाळीवर टर्फ शेवाळ वाढवून ते खरवडायचं, पण मुद्दा तोच. स्किमर, म्हणजे पाण्यात बुडबुडे सोडून फेस करणारं यंत्र, कचरा सडायच्या आधी फेसातून काढतो, शेवाळ सडून विरघळलेलं उचलतं, त्यामुळे एक असला की दुसरा नको असं काही नसतं.

दुसरं कारण मात्र खास आपल्या देशातलं आहे आणि ते परदेशी व्हिडिओत कोणी सांगत नाही कारण त्यांना तो प्रश्नच नाही. तिकडे लोक समुद्रातला किंवा फार्ममधला लाइव्ह रॉक आणतात, त्या दगडाच्या भोकाभोकांत कोपेपॉड आणि अँफिपॉड (झिंग्याच्या नात्यातले बारीक जीव, थोडक्यात पॉड्स), छोटे किडे, स्पंज असा सगळा संसार फुकट येतो. आपल्याकडे दगडी कोरल्स २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या शेड्यूल एकमध्ये आहेत, म्हणजे जिवंत सोडाच, मेलेल्या कोरलचा दगडसुद्धा समुद्रातून उचलायचा नाही, विकायचा नाही, घ्यायचा नाही. आणि बरोबरच आहे, आहेत तेवढी रीफ्स राहू देत की. (दुकानात कोणी हळूच "ओरिजिनल लाइव्ह रॉक आहे" म्हणाला तर सरळ पाठ फिरवायची.) माझे सगळे दगड बनवलेले, सिरॅमिक. दिसायला मस्त, पण आले तेव्हा त्यांच्यावर एक जीव नव्हता. बॅक्टेरिया बाटलीतून आणता येतात, ते बसतात, सायकल होते (म्हणजे ते माशांची घाण पचवायला लागतात), पण पॉड्सचं काय, बाटलीतले पॉड्स टँकमध्ये ओतले की क्लाउन आणि गोबी त्यांचा नाश्ता करून मोकळे. त्यांना दोन पिढ्या वाढायला सुरक्षित जागा लागते. त्यामुळे माझं मत असं की ज्याचा टँक कोऱ्या दगडांवर सुरू झालाय त्याला रेफ्युजियमचा फायदा लाइव्ह रॉकवाल्यापेक्षा जास्त आहे, टँक छोटा असो की मोठा.

आता जागा. माझ्या स्टँडखाली सम्प (फिल्टरची खालची टाकी) नाही, तिथे किराणा आहे आणि तो हलणार नाही असं मला स्पष्ट सांगण्यात आलंय. मागे लटकवायचा बॉक्स मिळतो, हँग-ऑन-बॅक, बऱ्याच छोट्या टँकवाल्यांकडे तोच असतो, ट्रॉफी आणि नेमप्लेट बनवणारा कुठलाही अ‍ॅक्रिलिकवाला क्लोरोफॉर्मने चिकटवून असा डबा बनवून देतो. पण आठ-नऊ लिटरचा डबा म्हणजे आठ-नऊ किलो वजन एका सिलिकॉनने चिकटवलेल्या मागच्या काचेवर, शिवाय माझा टँक भिंतीपासून चारच बोटं लांब. मला ते पटेना. म्हणून मी टँकच्या बाजूच्या भिंतीला अँगलवर कडप्प्याची फळी टाकून घेतली, मेन टँकच्या पाण्यापेक्षा साधारण वीतभर उंच, आणि त्यावर एक फुटी साधा काचेचा टँक ठेवला, पाणी भरतं १५-१६ लिटर. अँगलला रेड ऑक्साइड आणि वर ऑइल पेंटचे दोन हात, कारण मुंबईची हवा आधीच खारट आणि त्यात टँकवरून उडणारे मिठाचे शिंतोडे, उघडं लोखंड एका पावसाळ्यात सोलून निघतं. पाणी पंपाने वर जातं आणि आपसूक गुरुत्वाकर्षणाने मेन टँकमध्ये परत पडतं. वरचं रेफ्युजियम असण्याचा एक बोनस म्हणजे पॉड्स पंपाच्या पंख्यातून न जाता अलगद खाली उतरतात. पंपातून गेले तरी बरेच जगतात म्हणतात, पण जाऊच नयेत ते बरं.

प्लंबिंगवर मी जरा जास्त बोलणार आहे कारण बाकी सगळं चुकलं तर शेवाळ मरतं, हे चुकलं तर खालच्या मजल्यावरच्यांच्या छताला ओल येते आणि मग पुढची पाच वर्षं सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगमध्ये तुमचा टँक अजेंड्यावर असतो. आमच्या खाली एक रिटायर्ड काका राहतात, त्यांनी काम चालू असतानाच विचारून घेतलं, "अरे किती लिटरचं आहे आणि फुटलं तर किती वेळात खाली येईल?" म्हटलं काका फुटणार नाही. "ते कळलं रे, पण फुटलं तर?" इतका योग्य प्रश्न मला एकाही अक्वेरियमवाल्याने विचारला नव्हता.

तर उत्तर असं. लाइट गेली, पंप बंद झाला, तर वरचं पाणी आउटलेटच्या पाइपच्या तोंडापर्यंतच खाली येतं, त्याखाली उतरू शकत नाही, पण पंपाचा जो पाइप वर जातो त्याचं टोक जर पाण्यात बुडलेलं असेल तर तोच पाइप उलटा सायफन होऊन वरचा टँक रिकामा करत बसतो. म्हणून टोक पाण्याच्या वर ठेवायचं, किंवा पाण्याच्या पातळीला लागून पाइपला एक बारीक भोक पाडायचं म्हणजे तिथून हवा शिरते आणि सायफन तुटतो, आणि त्या भोकात मीठ नाहीतर शेवाळ साचलं नाही ना हे अधूनमधून बघायचं. हे झालं लाइट जाण्याचं. खरी भीती उलटी, म्हणजे पंप चालू आहे आणि परतीचा पाइप शेवाळाने चोंदला, मग पंप बिचारा इमानदारीत मेन टँकचं पाणी वर चढवत राहणार आणि ते फळीवरून जमिनीवर. यावर उपाय फार साधा आहे आणि मला तो कुठल्याही सेन्सरपेक्षा भरवशाचा वाटतो. पंपाचा इनटेक मेन टँकच्या तळाशी न ठेवता पृष्ठभागाच्या जवळ लावायचा, दोन-तीन सेंटीमीटर खाली. पाणी तेवढं उतरलं की पंप हवा ओढायला लागतो, घर्रर्र आवाज करतो, आणि जास्तीत जास्त पाच-सहा लिटर पाणीच वर जाऊ शकतं. वरच्या टँकमध्ये काठापर्यंत तेवढी जागा मोकळी सोडली की जमिनीवर थेंब नाही. पंप तसा चालून खराब होईल तो होऊ दे, पंप छतापेक्षा स्वस्त आहे. मी परतीच्या पाइपला मुद्दाम बोळा लावून हे करून बघितलं आणि काकांना बोलावून दाखवलं, त्यांनी मान डोलावली, चहा घेतला आणि पुढचा प्रश्न विचारला तो लाइट बिलाचा.

काचेला भोक पाडायचं ते काचवाल्याकडून डायमंड बिटने, आणि आधी काच टफन्ड नाही ना याची खात्री करून, टफन्ड काचेला बिट लावला की ती हातातच चुरा होते. भोकात जे बसतं त्याला आपले प्लंबर टँक निपल म्हणतात, आणि टँक निपल मागितलात तर दुकानदार सवयीने पितळी काढून देतो. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खाऱ्या पाण्यात ते हळूहळू विरघळतं आणि तांबं श्रिंप, गोगलगायी, कोरल, पॉड्स सगळ्यांना विष. प्लॅस्टिकचाच घ्यायचा, वॉशर रबरी, कुठेही धातूचा स्क्रू नाही. परतीचा पाइप एक इंची, चढता पाइप अर्ध्या इंचाचा, जाणारं पाणी नेहमी येणाऱ्यापेक्षा मोकळं पाहिजे. आणि आउटलेटच्या तोंडावर प्लॅस्टिकची जाळी. वायर सॉकेटकडे जाताना आधी खाली लोंबून मग वर गेली पाहिजे म्हणजे वायरवरून घरंगळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली ठिबकतं, आणि घरात आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर टँकच्या आधी ती बसवा, हे रेफ्युजियमशिवायसुद्धा.

फ्लो किती ठेवायचा यावर दोन पंथ आहेत. जुनं मत, पाणी सावकाश जाऊ दे म्हणजे शेवाळाला खायला वेळ मिळतो. मला हे पटत नाही. पाणी काय एकदाच जाऊन गटारात जाणार आहे का, तेच पाणी दिवसभर गोल फिरतंय, या फेरीत नाही खाल्लं तर पुढच्या. उलट पाणी संथ असलं की शेवाळाच्या धाग्याला चिकटून एक स्थिर थर राहतो, त्यातलं अन्न संपतं आणि बाहेरचं आत पोचत नाही. थोडा जोर असला की तो थर पातळ राहतो आणि कचराही बसत नाही. माझा ताशी ४०० लिटरचा पंप आहे, वीतभर चढवून आणि पाइपच्या वळणांतून त्याचे अर्धे जरी पोचत असतील तरी पुरे.

शेवाळ कुठलं, तर कीटोमॉर्फा, सगळे नुसतं कीटोच म्हणतात. भांडी घासायच्या हिरव्या नायलॉनच्या घासणीसारखा गुंता असतो, मुळं नाहीत, कुठे चिकटत नाही, तरंगत गोल फिरतं, काढायला सोपं. आईने पहिल्या दिवशी ते ओट्यावर पाहिलं आणि जवळजवळ सिंकमध्ये टाकलं होतं. कौलर्पा दिसायला कितीतरी सुंदर, पानं-बिनं असतात, पण त्याच्यापासून मी लांब. एक तर त्याला कधीतरी लहर येते आणि ते रातोरात आपलं सगळं आतलं पाण्यात सोडून पांढरं पडतं, पाणी दुधट होतं, इतके दिवस खाल्लेलं सगळं परत टँकमध्ये, वर ऑक्सिजन खाली. दुसरं म्हणजे त्याचा इतिहास, कौलर्पा टॅक्सिफोलिया १९८४ मध्ये मोनॅकोच्या समुद्री म्युझियमखालच्या समुद्रात पहिल्यांदा छोट्या तुकड्यात दिसलं, अक्वेरियममधून सुटलेलं, आणि मग भूमध्य समुद्रात एकरच्या एकर पसरलं. त्यामुळे छाटलेलं कुठलंही शेवाळ नाल्यात, खाडीत, फ्लशमध्ये टाकायचं नाही, गोड्या पाण्यात बुडवून, उन्हात वाळवून मग ओल्या कचऱ्यात.

आणि हो, थंडीत ओहोटीला कार्टर रोडच्या, हाजी अलीच्या खडकांवर हिरवंगार शेवाळ दिसतं, फुकट आहे, मोह होतो, मला पण झाला होता. पण त्याच खडकांच्या बाजूला नाला उतरतो हे पण दिसतं. सोबत कुठले खेकडे, किडे, काय काय येईल सांगता येत नाही. मूठभर कीटो दुसऱ्या मरीनवाल्याकडून फुकट मिळतं, तेच घ्या. तेही टँकच्याच पाण्यात दोन-तीनदा हलवून, पांढऱ्या ट्रेमध्ये पसरून, आयप्टेशियाचं (भराभर पसरणारं, डंख मारणारं समुद्रफूल) एखादं पिल्लू चिकटलेलं नाही ना बघून मगच आत. आयप्टेशिया एकदा आलं की जात नाही. गोड्या पाण्यात मात्र धुवू नका, त्यावरचे पॉड्सच तर हवे आहेत आपल्याला.

लाइट. छोट्या रेफ्युजियममध्ये जागेपेक्षा लाइट महत्त्वाचा, हे मी ठामपणे सांगेन. अंधुक लाइटखाली वीस लिटर असण्यापेक्षा भक्कम लाइटखाली आठ लिटर बरे. सगळे लाल-निळे ग्रो लाइट वापरतात, मी पण आधी तोच लावला, आणि लाइट चालू ठेवायचा रात्री, मेन टँकचा बंद झाल्यावर. हे उलटं वेळापत्रक कशासाठी ते सांगतोच, पण आधी त्याचा सामाजिक परिणाम. रात्री दहा ते सकाळी सहा आमच्या हॉलच्या खिडकीतून गडद जांभळा उजेड. आठवडाभरात वॉचमनने मला गेटवर थांबवलं, "साहेब, समोरच्या विंगमधले विचारत होते, तुमच्याकडे रात्रभर कसला लाइट असतो." मग लिफ्टमध्ये एक काकू, "काय रे, कुंडीत काहीतरी लावलंयस म्हणे?" काहीतरी हा शब्द त्यांनी ज्या पद्धतीने उच्चारला त्यावरून मला कळलं की बिल्डिंगमध्ये माझं गांजाच्या शेतकऱ्यात रूपांतर झालेलं आहे. काकूंना घरी आणून शेवाळ दाखवलं. त्यांना ते गांजापेक्षा विचित्र वाटलं असावं. नंतर लोहार चाळीतून साधा पांढरा ६५०० केल्विनचा एलईडी फ्लड आणला, कीटोला काही फरक पडला नाही, तितकंच वाढतंय, आणि खिडकी आता ट्यूबलाइट चालू राहिल्यासारखी दिसते, त्यावर कोणाचा आक्षेप नाही.

आता उलटं वेळापत्रक. दिवसा कोरल आणि शेवाळ प्रकाशात कार्बन डायऑक्साइड खातात, पाण्याचा पीएच वर जातो. रात्री सगळेच श्वास घेतात, कोणी खात नाही, कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच खाली. समुद्राचा पीएच साधारण ८.१. मोठ्या टँकमध्ये हा चढउतार थोडा असतो, ७० लिटरमध्ये चांगला जाणवतो. आणि मुंबईचा फ्लॅट यात भर घालतो. टँक हॉलमध्ये, मे महिन्यात हॉलमध्येच एसी लावून आम्ही चौघं झोपतो, खिडक्या बंद, स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत घेत नाही, तीच हवा फिरवतो. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड ४२० पीपीएमच्या आसपास, बंद खोलीत चार माणसं झोपली की हजाराच्या पुढे सहज. टँकचं पाणी त्याच खोलीच्या हवेशी जुळवून घेतं, म्हणजे आमचा श्वास माझ्या कोरल्सच्या पाण्यात. पहाटे मीटर बुडवला तर ७.८, कधी त्याच्याही खाली. रेफ्युजियमचा लाइट रात्री चालू ठेवल्यापासून पहाटेचा आकडा ८ च्या आसपास थांबतो. एसीच्या दिवसांत थोडा कमी, पण पूर्वीसारखा घसरत नाही. मला स्वतःला हा फायदा नायट्रेटपेक्षा मोठा वाटतो, कारण नायट्रेट पाणी बदलून कमी करता येतं, रात्री तीन वाजताचा पीएच पाणी बदलून सावरता येत नाही. बायकोचं म्हणणं खिडकी उघडी टाकली तरी हेच होईल, आणि ते शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे, पण मग डास.

नायट्रेटचा हिशोब. बरेच जण शेवाळ भरभरून वाढलं की खूश होतात आणि डबा गच्च भरेपर्यंत हातच लावत नाहीत. पण शेवाळ टँकमध्ये आहे तोवर त्याने खाल्लेलं नायट्रेटही टँकमध्येच आहे, वेगळ्या रूपात इतकंच. बाहेर गेलं ते खरं. आणि गच्च गोळ्याचा आतला भाग अंधारात सडायला लागतो, मग तेच परत पाण्यात. ढोबळ गणित करा, हाताने पिळून १०० ग्रॅम ओलं शेवाळ काढलं तर त्यात कोरडा माल धरू १० ग्रॅम, त्याच्या ३ टक्के नायट्रोजन म्हणजे ०.३ ग्रॅम, नायट्रेटमध्ये मोजलं तर १.३ ग्रॅम. माझं एकूण पाणी रेफ्युजियम धरून ८५ लिटर. म्हणजे पीपीएममध्ये (लिटरमागे मिलिग्रॅम) पंधराच्या आसपास नायट्रेट एका मुठीत बाहेर गेलं. तेच नायट्रेट २० असताना दहा लिटर पाणी बदललं तर अडीच पीपीएमसुद्धा कमी होत नाही. शेवाळाप्रमाणे आकडे इकडेतिकडे होतील, पण फरक केवढा आहे ते बघा. मी आता पाणी महिन्यातून एकदा बदलतो, तेही मुख्यतः ट्रेस एलिमेंट्ससाठी, म्हणजे अगदी थोडी लागणारी मूलद्रव्यं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची, शेवाळ नायट्रेट आणि फॉस्फेट सारख्या प्रमाणात खात नाही. प्लँक्टनचा रेडफील्ड रेशो, म्हणजे त्याच्या अंगातलं प्रमाण, कार्बन-नायट्रोजन-फॉस्फरस १०६:१६:१, सगळ्यांना पाठ असतो. मोठ्या समुद्री शेवाळांसाठी अ‍ॅटकिन्सन आणि स्मिथ यांनी १९८३ मध्ये काढलेला रेशो आहे ५५०:३०:१. वजनात मांडलं तर एक भाग फॉस्फेटमागे शेवाळाला वीसेक भाग नायट्रेट लागतं, आणि आपण टाकतो ते खाद्य शेवटी मासळीचं आणि प्लँक्टनचंच, त्यातून येतं त्याच्या निम्मं. त्यामुळे कधी ना कधी नायट्रेट आधी संपतं, फॉस्फेट मागे राहतं, आणि शेवाळ वाढायचं थांबतं कारण नायट्रोजनच नाही. माझ्याकडे हे झालं तेव्हा कीटो फिकट पडत चाललं होतं. अशा वेळी लाइटचे तास कमी करायचे, माशांना हात जरा सैल सोडून खायला घालायचं, आणि फॉस्फेटसाठी थोडं जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे). नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य दिसलं की लोक स्क्रीनशॉट टाकतात, पण तिथेच डायनोफ्लॅजेलेट्स येतात, तो चिकट तपकिरी बुडबुडेवाला शेंबूड, आणि तो नायट्रेटपेक्षा शंभरपट वाईट. मी नायट्रेट ५ च्या आसपास आणि फॉस्फेट ०.०५ च्या आसपास ठेवतो. कंट्रोल एकच, टायमर. फिकटपणा नायट्रेट असूनही राहिला तर लोह कमी पडतंय का बघायचं, कीटो लोह बरंच खातं. पाण्याला पिवळट झाक आली तर अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनची, म्हणजे कोळशाच्या दाण्यांची, पिशवी.

पॉड्सचं सांगायचं तर बाटलीतले टिस्बे जातीचे पॉड्स रेफ्युजियममध्ये सोडले, त्यांना खायला आठवड्यातून दोनदा थोडं फायटो, म्हणजे तरंगणारं सूक्ष्म शेवाळ, नॅनोक्लोरॉप्सिस, पंप अर्धा तास बंद ठेवून. आता रात्री टॉर्च मारला की मेन टँकच्या काचेवर पांढरे ठिपके सुळसुळताना दिसतात, आणि गोबी पूर्वी वाळूत तोंड घालून वैतागलेला असायचा तो बऱ्यापैकी गुटगुटीत झालाय.

यावर लगेच येणारा प्रश्न, मग मँडरिन मासा आणू का? नाही. मँडरिन दिवसभर एकेक पॉड टिपत फिरतो, त्याला शेकड्याने लागतात आणि रोज लागतात, १५ लिटरचं रेफ्युजियम ते पुरवू शकत नाही. महिना-दोन महिने छान दिसेल, मग पोट आत जाईल. दुकानदार "रेफ्युजियम आहे ना, मग काय टेन्शन" म्हणेल, त्याला विकायचाय.

उन्हाळ्याचं एक बघून ठेवा, पाण्याचा उघडा पृष्ठभाग वाढला म्हणजे बाष्पीभवन वाढतं. मेमध्ये पंखा लावला की त्यामुळे पाणी थोडं जास्त थंड राहतं हा फायदा, पण गोडं पाणी जास्त भरावं लागतं, नाहीतर खारटपणा चढतो. ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) असेल तर उत्तम. गणपतीत आम्ही गावी जातो, तेव्हा बाष्पीभवन तसंही कमी असतं, पण शेजारच्या मुलाकडे चावी असते आणि त्याचं माशांवर प्रेम फार. मी रोजच्या खाद्याच्या पुड्या बांधून ठेवतो, तरी "ते माझ्याकडे बघत होते काका" म्हणून दोन-दोन पुड्या जातात. पूर्वी परत आल्यावर नायट्रेट बघायची हिंमत व्हायची नाही. या वर्षी आलो तर नायट्रेट थोडंच वाढलेलं आणि कीटोने मात्र अख्खा एक फुटी टँक भरून टाकलेला, जाळीला जाऊन चिकटलेलं, पाणी नेहमीच्या पातळीच्या जरा वर चढलेलं पण सांडलेलं नाही. काकांनाही जाऊन सांगितलं.

त्यामुळे सध्या माझ्याकडे कीटो भरपूर आहे. सेंट्रल लाइनवर कोणाला मूठभर हवं असेल तर मुलुंड स्टेशनला देतो, पैसे नकोत. झाकणाचा स्वच्छ डबा स्वतःचा आणा, साबणाने घासलेला नको, आणि घरी नेल्यावर ट्रेमध्ये पसरून बघा, माझ्याकडे आयप्टेशिया नाही हे माझ्या शब्दावर सोडू नका.